मोबाईलवरचे मेंदूचे खेळ: आई-बाबांना ॲप लावून देताना या चुका टाळा

मेंदूचे खेळ मोबाईलवर टाकून दिले की काम झालं, असं बऱ्याच घरांत वाटतं. दोन महिन्यांनी दिसतं असं, की बाबांचा स्कोअर रोज वाढतोय, पण सकाळची गोळी घेतली की नाही हे त्यांना अजूनही आठवत नाही. यात नवल नाही. मेंदू ज्या कामाचा सराव करतो, मुख्यतः त्याच कामात तरबेज होतो. चित्रांच्या जोड्या लावण्याचा सराव केला तर जोड्या लावणं सुधारतं, आणि गोळ्यांसाठी वारांचा डबा वेगळा आणावाच लागतो.

सगळ्यात मोठी चूक: सोप्यावर रमणं

रोज तेच सुडोकू, तीच पातळी. वेळ छान जातो, पण सराव असा होत नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'ॲक्टिव्ह' या अभ्यासात ६५ वर्षांवरचे सुमारे २,८०० जण होते. मेंदूच्या सरावाची, ६० ते ७५ मिनिटांची १० सत्रं ५-६ आठवड्यांत घेतली गेली आणि काहींना पुढे ११व्या व ३५व्या महिन्यात उजळणीची सत्रं दिली. १० वर्षांनी पाहिलं तेव्हा, लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकलेल्या गटाचा फायदा ओसरला होता; तर्क आणि वेग यांचा सराव केलेल्यांचा मात्र टिकून होता.

वेगाचा सराव कसा असतो ते नीट समजून घ्या, म्हणजे ॲप निवडताना फसगत होणार नाही. पडद्याच्या मधोमध क्षणभर एक वाहन दिसतं, कार किंवा ट्रक. त्याच क्षणी कडेला कुठेतरी दुसरी गाडी चमकते. दोन्ही गेल्यावर विचारतात: मध्ये काय होतं आणि कडेची गाडी कुठे होती? उत्तरं बरोबर येऊ लागली की चित्र दिसण्याचा वेळ कमी होतो, मग आजूबाजूला लक्ष विचलित करणाऱ्या आकृत्या वाढतात. म्हणजे खेळ सतत खेळणाऱ्याच्या मर्यादेशी येऊन थांबतो. तुमच्या ॲपमध्ये अशी आपोआप बदलणारी पातळी नसेल, तर ती हाताने बदला. साधारण १० पैकी ७-८ उत्तरं बरोबर येत असतील तर पातळी योग्य आहे. दहाच्या दहा येत असतील तर वाढवा. पाचही येत नसतील तर एक पायरी खाली या, नाहीतर माणूस कंटाळून सोडून देतो.

वेळही चुकतेच. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा आठवड्यातून तीन-चार दिवस २५-३० मिनिटं बरी, तीही सकाळी, डोकं ताजं असताना. जेवणानंतर पेंगत खेळलेला खेळ वाया जातो.

आणि भाषा! आयुष्यभर मराठीत विचार केलेल्या आजींना इंग्रजी शब्दांचा खेळ दिला, तर तपासलं जातं त्यांचं इंग्रजी. चित्रं, आकडे, जागा ओळखण्याचे खेळ निवडा.

‘जमत नाही’ म्हणतात तेव्हा आधी हे तपासा

बरेचदा दोष मेंदूचा नसतो. वयानुसार बोटांची त्वचा कोरडी पडते आणि टचस्क्रीन स्पर्श ओळखत नाही. हाताला थोडं क्रीम लावून, पुसून मग खेळायला बसवा, किंवा पडद्यावर चालणारं पेन द्या. बोट टेकून राहिल्यामुळे भलताच मेनू उघडत असेल, तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ‘स्पर्श करून धरून ठेवणे’ याचा अवधी वाढवा. मोबाईलऐवजी १० इंची टॅब्लेट स्टँडवर ठेवा, डोळ्यांच्या रेषेपेक्षा जरा खाली. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं खालच्या भागातून दिसतं, आणि पडदा उंच असला की मान मागे टाकावी लागते. आवाजाचे खेळ श्रवणयंत्र लावूनच खेळायचे. कमी ऐकू येणं हा डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, बदलता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक मानला जातो. म्हणून कानांची तपासणी राहिली असेल तर ॲपचे पैसे भरण्याआधी ती करून घ्या.

पैशांवरून आठवलं. मोफत चाचणीचे दिवस संपले की वर्षाची रक्कम कापली जाते, आणि ॲप काढून टाकलं तरी वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून पेमेंट आणि सदस्यत्वांमध्ये जा, तिथूनच ती रद्द होते. एसएमएस किंवा संपर्क वाचण्याची परवानगी कोणत्याही कोड्याला लागत नाही; मागितली तर नाकारा. ‘विसराळूपणा थांबतो’ अशा जाहिरातीवरही विसंबू नका. २०१६ मध्ये ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीला अशाच दाव्यांवरून अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले.

स्कोअर म्हणजे तपासणी नव्हे

स्कोअर चढला म्हणून निर्धास्त होऊ नका, एक दिवस उतरला म्हणून घाबरूही नका. झोप झाली होती का, सर्दीची किंवा झोपेची नवी गोळी सुरू झाली का, साखर उतरली होती का, ते आधी पाहा. पण दोन-चार दिवसांत एकदम गोंधळ वाढला, दिवस-रात्र कळेनासं झालं, तर ते जंतुसंसर्गाचं, औषधाचं किंवा शरीरातल्या क्षारांच्या बिघाडाचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

हळूहळू वाढणाऱ्या विसराळूपणासाठी बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, आणि ते भरून काढता येतं. जाताना सर्व औषधांची पाकिटं पिशवीत घ्या, लघवीची आणि ॲलर्जीचीसुद्धा. त्यातली काही डोकं जड करतात. सोबत तारखांसह चार ओळी लिहून न्या: विजेचं बिल दोनदा भरलं, नेहमीच्या बाजारातून घरी येताना वाट चुकली, दुधाचा गॅस चालू राहिला. डॉक्टरांना ॲपच्या आलेखापेक्षा या चार ओळींचा जास्त उपयोग होतो.