परत तोच पिच्चर? पोरांच्या पारायणात आईबाबा करतात त्या चुका

जून ते सप्टेंबर कोकणात अंगण शेवाळलेलं, पायवाटा निसरड्या, समुद्र खवळलेला आणि घरात चार वर्षांचं पोर. अशा घरात एखादा पिच्चर एकदाच बघून होईल ही अपेक्षाच फोल. सकाळी बघून होतो, दुपारी पुन्हा लागतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि श्रावण लागेपर्यंत आजीलाही त्यातल्या खलनायकाचे संवाद पाठ होतात. वैताग येणारच. पण त्या वैतागात जे उपाय केले जातात, त्यातले बरेचसे दुखणं सोडून भलतीकडेच मलम लावतात. तोच पिच्चर बघण्यात बिघडत काहीच नाही. किती वेळ बघितला, काय खाता खाता बघितला आणि सोबत कोण होतं, भानगड असते ती इथे.

पारायणाला खोड समजणं

“मेल्या, कालच बघलंस मां?” हे आजी कौतुकानं म्हणते. आईबाबा तेच चिडून म्हणतात आणि पोराला कळत नाही की आपलं चुकलं काय. लहान मुलाला एका बैठकीत सगळा पिच्चर झेपत नाही. आधी रंग, गाणी, प्राणी. मग कशानंतर काय होतं ते. हा असं का वागला, हे त्याच्याही नंतर. अमेरिकेत ‘ब्लूज क्लूज’ या कार्यक्रमाचा एकच भाग तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लागोपाठ पाच दिवस दाखवून बघितला होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांची समज वाढलेली दिसली आणि पडद्यावरून विचारलेल्या प्रश्नांना ती अधिकाधिक उत्साहानं उत्तरं देऊ लागली. वाहिनीसुद्धा मुद्दाम तोच भाग आठवडाभर लावायची. गोष्टीच्या पुस्तकांचंही तसंच. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांना २०११ मध्ये आढळलं, की त्याच गोष्टी परत परत ऐकणारी तीन वर्षांची मुलं नवे शब्द जास्त चांगले शिकली. तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकणारी मुलं मागे राहिली.

आणि आपण मोठी माणसं तरी वेगळं काय करतो? त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गात गावोगाव दशावतार. गणपती येणार, संकासुर येऊन हसवणार, मग आख्यान. गोष्ट रामायण-महाभारतातली नाहीतर पुराणातली, शेवट लहान पोरालाही ठाऊक. तरी माणसं थंडीत कांबळं पांघरून पहाटेपर्यंत बसतात. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, नट उभ्या उभ्या बोलतो, त्यामुळे तेच आख्यान दर खेपेला थोडं निराळं. पिच्चर मात्र तसूभर बदलत नाही आणि पोराला नेमकं तेच हवं असतं. पुढे काय येणार हे माहीत असलं की भीती वाटत नाही.

म्हणूनच घरात काही हललं की पारायण वाढतं. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, काका-काकी, चुलत भावंडं, रात्रीची भजनं. विसर्जन झालं, गाड्या मुंबईकडे लागल्या, की पोर सोफ्यावर बसून जुनाच पिच्चर मागतं. त्या आठवड्यात “आता नवीन काहीतरी बघ” हा आग्रह धरू नये. धाकटं भावंड आलं, शाळा बदलली, तरी हेच.

“लाईट गेली” म्हणून सांगणं

कोकणात पावसाळ्यात लाईट खरोखरच जाते, त्यामुळे ही थाप फार सोयीची. कुणी हळूच जाऊन मेन स्विच पाडतं. पण शेजारच्या घरातून मिक्सरचा आवाज येतो आणि पोर आधी पंख्याकडे आणि मग तुमच्याकडे बघतं. पुढच्या वेळी खरीच लाईट गेली तरी ते रडणार, कारण आता त्याचा तुमच्यावर भरवसा नाही. पिच्चर गुपचूप डिलीट करून “हरवला” म्हणणं हाही त्यातलाच प्रकार. “आज नाही, उद्या जेवणाआधी” असं सरळ सांगावं. रडणं होईल, पण ते रोज थोडं कमी होईल. आजी-आजोबा एकत्र राहत असतील तर त्यांनाही तेच वाक्य म्हणायला सांगावं. आईचं ‘नाही’ आणि आजोबांचं ‘बघ रे बघ’ यांच्यातली फट पोराला एका दिवसात सापडते.

पिच्चर लावून घास भरवणं

ही सगळ्यांत धोक्याची चूक आणि कोकणात तर दुप्पट. पडद्याला डोळे लावलेलं पोर नीट चावत नाही, पोट भरलं तरी त्याला कळत नाही. त्यात ताटात बांगडा नाहीतर पेडवे. काटा काढून दिला असं आपल्याला वाटतं, पण पेडव्याचे काटे केसासारखे बारीक. एरवी पोर जिभेनं काटा ओळखून बाहेर काढतं. पाठ असलेल्या गाण्याच्या तालावर डोलताना ते तसंच गिळून टाकतं. काटा अडकला तर कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायला लावण्याची जुनी रीत घराघरात आहे, ती टाळा. काटा आणखी आत रुतू शकतो. श्वास घ्यायला त्रास होत असेल, लाळ गिळता येत नसेल तर घरगुती प्रयोग न करता दवाखाना गाठा. काटा सहज निघत नसेल तरी डॉक्टरच.

पडदा बंद करून पेज भरवलेली बरी. पोरानं चार घास कमी खाल्ले तर चालतील.

रंगात आलेलं असताना बटण दाबणं

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आणि आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये जी मर्यादा सांगितली ती जवळपास सारखी आहे. लहानग्यांना पडदा नकोच. दोन वर्षांच्या पुढे, शाळेच्या वयापर्यंत, दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. मुलांचा पिच्चर साधारण दीड तासाचा. म्हणजे तो एका बैठकीत बसतच नाही. इथे पारायणाचा फायदा घ्यायचा. पिच्चर तुम्हालाही पाठ झालाय ना? मग थांबण्याच्या जागा हेरून ठेवा. होडी किनाऱ्याला लागते तिथे आजचा भाग संपला, उद्या तिथून पुढे. सुरू करतानाच सांगा, “होडी लागली की बंद.” मिनिटांचा हिशेब चार वर्षांच्या पोराला कळत नाही, होडी कळते. आणि रिमोट त्याच्याच हातात द्या, स्वतःच्या हातानं बंद केलं की तमाशा कमी होतो. प्रत्येक वेळी नाही. पण पुष्कळदा.

ऑटोप्ले मात्र आजच बंद करून टाका. पिच्चर संपण्याच्या आत दुसरा सुरू होतो आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात.

सोबत बसायचं, पण तोंड पाडून

बाबा सोफ्यावर आहेत, डोळे मोबाईलमध्ये. याला सोबत म्हणत नाहीत. पण दरवेळी डोळे फाडून पिच्चर बघत बसणंही माणसाला शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. हाताला काम घ्या. भिजवून मोड आलेल्या वालाचं बिरडं सोलायला घ्यायचं, टोपलीभर वाल दोन बोटांत दाबले की साल सुटते आणि दाणा टुणकन उडतो. पोर आपसूक वालाकडे सरकतं. मग मधेच विचारायचं, “आता हा का रुसला?” उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तरी ठीक. पोर कुठला प्रसंग मागे घेऊन बघतं आणि कुठे उशी तोंडावर ओढतं, तेवढं मात्र लक्षात ठेवावं. आई हरवण्याचा प्रसंग परत परत मागणाऱ्या पोराच्या मनात काहीतरी घोळत असतं.

पाऊस उघडला की पिच्चर पडवीत येऊ द्या. झावळीच्या देठाची तलवार, पोफळीच्या विरीची गाडी. तीच गोष्ट, पण आता राजाचं नाव गावातलं आणि राक्षस शेजारचा कोंबडा.

दहाव्या वेळी त्याच पिच्चरचा आवाज दुसऱ्या भाषेत लावून बघा. गोष्ट पाठ असल्यानं अर्थ आपोआप लागतो. पोरानं भोकाड पसरलं तर सोडून द्या.

सटरफटर पण महत्त्वाचं

मुसळधार पावसात डिशचं चित्र फुटतं, कारण त्या लहरी दाट पावसात क्षीण होतात. म्हणून छपरावर चढून डिश हलवू नये, सर ओसरली की चित्र परत येतं. पिच्चर आधीच डाउनलोड करून ठेवा, पण काही अ‍ॅपवर एकदा सुरू केलेला पिच्चर ४८ तासांत निघून जातो, ती मुदत बघून घ्या. पत्र्यावरच्या पावसाला हरवण्यासाठी हेडफोनचा आवाज वाढवू नका.

काळजी कधी करायची? पिच्चरचे संवाद घडाघडा येतात पण स्वतःचं म्हणून पोर काही मागत-सांगत नाही, हाक मारली तर वळत नाही, इतर मुलांत खेळत नाही, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांनाही मोकळेपणानं सांगा. नुसतं पारायण हे लक्षण नव्हे.

आणि नवा पिच्चर आणायचाच असेल तर रात्री पोर झोपल्यावर आधी स्वतः अर्धा तास बघा. मग जुन्याच्या जोडीला त्यातलं एखादं गाणं, दुपारच्या वेळी, पोट भरलेलं असताना. संध्याकाळी दमलेल्या पोराला नवं काही दाखवायला जाऊ नका, त्या वेळेला जुनाच लावा.