टाफाइट: स्पिनेल म्हणून पुडीत गेलेला खडा

जेमॉलॉजीच्या, म्हणजे रत्नशास्त्राच्या, पहिल्या सहामाहीनंतर वाटायला लागतं की रिफ्रॅक्टोमीटर (खड्यात प्रकाश किती वाकतो ते मोजणारं उपकरण) हाताशी आहे म्हणजे खडा ओळखता येतोच. मलाही वाटलं होतं. एका लॅबमध्ये उमेदवारी करत होते तेव्हाची गोष्ट. श्रीलंकेच्या स्पिनेल या रत्नाच्या लॉटमधला पाऊण कॅरेटचा फिकट जांभळा खडा टेबलावर आला. रिफ्रॅक्टोमीटरचं रीडिंग १.७१८. पोलारिस्कोपमध्ये, म्हणजे दोन पोलरायझिंग फिल्टरांच्या मध्ये धरून, पूर्ण फेरा फिरवला, अंधारच. विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) ३.६०. 'स्पिनेल' लिहिलं आणि पुडी बांधली. संध्याकाळी सरांनी ती पुडी उघडून माझ्यासमोर ठेवली. "खडा झोपवूनच बघितलास ना?"

बस, एवढंच. उत्तर सांगितलं नाही. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, शिकवावं तर असं. "मला नुसत्या नजरेनं कळतं" म्हणणाऱ्या सीनियरकडे चहा प्यायला जा, शिकायला नको.

तो खडा टाफाइट होता. टाफाइट आणि स्पिनेल दोघांचेही आकडे शेजारी शेजारी. काठिण्य दोघांचं ८ च्या घरात. गुरुत्व ३.६० आणि ३.६१, पाऊण कॅरेटच्या खड्यावर हा फरक तुमच्या-माझ्या तराजूला कळत नाही. खरा फरक एकच: स्पिनेलचा स्फटिक घनाकृती प्रणालीतला, म्हणून सिंगल रिफ्रॅक्टिव्ह, त्यात किरण दुभंगत नाही आणि पोलारिस्कोपमध्ये तो अंधारा राहतो. टाफाइट षट्कोनी, म्हणून डबल, किरण दुभंगतो आणि रीडिंग दोन येतात. पण दोन रीडिंगमधलं अंतर जेमतेम ०.००४ ते ०.००५.

आता माझं काय चुकलं ते सावकाश सांगते, कारण तुम्हीही इथेच पडणार आहात. माझ्या खड्याचा ऑप्टिक ॲक्सिस (ज्या दिशेनं किरण दुभंगत नाही ती दिशा) नेमका टेबल फॅसेटला, म्हणजे वरच्या मोठ्या सपाट पैलूला, काटकोनात होता. असा खडा पालथा घातला की आपण ॲक्सिसच्या दिशेनंच बघत असतो, आणि त्या दिशेनं डबल रिफ्रॅक्टिव्ह खडासुद्धा अंधाराच राहतो. कुशीवर वळवला असता तर एका फेऱ्यात चार वेळा उजळला-विझला असता. बरं, अशाच खड्यात रिफ्रॅक्टोमीटरवर मात्र कुठल्याही कोनात रीडिंगच्या दोन रेषा, म्हणजे सावलीच्या दोन कडा, असतात. मग मला एकच कशी दिसली? आयपीसवरचा पोलरायझिंग फिल्टर ड्रॉवरमध्ये होता. फिल्टरशिवाय त्या दोन कडा मिळून एकच जाडसर, पुसट कड दिसते. मी म्हटलं, लिक्विड (खडा आणि उपकरणाची काच यांच्यामध्ये लावायचा थेंब) जुनं झालं असेल. फिल्टर लावून फिरवला तर कड १.७१८ वरून १.७२२ वर उडी मारते, स्वच्छ. खडा तीन बाजूंनी धरून पाहा, आणि फिल्टर लावल्याशिवाय रीडिंग लिहूच नका. कड पुसट दिसली तर दोष आधी स्वतःला द्या, लिक्विडला नंतर.

चुकलात तर खचू नका. या खनिजाची ओळखच पैलू पाडलेल्या खड्यावरून झाली, त्याआधी खाणीत ते कुणी ओळखलंच नव्हतं. १९४५ मध्ये डब्लिनला रत्नतज्ज्ञ रिचर्ड टाफ यांनी एका जवाहिऱ्याकडून जुने खडे घेतले. त्यातल्या १.४१९ कॅरेटच्या, स्पिनेलसारख्या दिसणाऱ्या खड्यात मागच्या पैलूंवरचे धूळकण त्यांना मायक्रोस्कोपखाली दुहेरी दिसले. खडा लंडनला रत्नतज्ज्ञ अँडरसन यांच्या लॅबमध्ये गेला, आणि १९५१ मध्ये नव्या खनिजाला टाफ यांचं नाव मिळालं. बेरिलियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. त्यासाठी खड्याचा छोटा तुकडा मोडावा लागला, हे वाचताना माझं पोट अजून ढवळतं.

खडे कापण्याजोगा माल मुख्यतः श्रीलंकेच्या रत्नपुरा भागातल्या 'इल्लम'मधून, म्हणजे रत्न असलेल्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरातून येतो. थोडा टांझानियातल्या तुंडुरूचा, थोडा म्यानमारमधल्या मोगोकचा. चीनच्या हुनानमध्येही खनिज सापडतं, पण खड्यांच्या बाजारात त्याची गणती नाही. इल्लममध्ये स्पिनेलही भरपूर असतं, म्हणूनच हा खडा स्पिनेलच्या भावात लॉटमध्ये मिसळून येतो.

तरीही आपल्या टेबलावर 'टाफाइट' असं छातीठोकपणे लिहू नका. मुसग्रेव्हाइट नावाचा याचा जवळचा भाऊ आहे, १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मुसग्रेव्ह डोंगररांगेत सापडलेला. त्याचे आकडे टाफाइटमध्ये इतके मिसळतात की दोघांना वेगळं करायला रामन स्पेक्ट्रोस्कोपी (लेझरच्या प्रकाशानं खनिज ओळखायची चाचणी) लागते. माझा तो खडा रामनवर टाफाइटच निघाला. पंधरा दिवसांत रत्नपारखी करणाऱ्या कोर्सवाल्यांना हे विचारून बघा, आणि ऑनलाइन 'सर्टिफाइड' टाफाइट स्वस्तात दिसलं तर रिपोर्ट कुठल्या लॅबचा, हे आधी बघा.

पुढचा महिनाभर मला प्रत्येक जांभळ्या खड्यात टाफाइट दिसायचं. एक तर पोलारिस्कोपमध्ये जाळीदार उजळला, मी धावत सरांकडे. त्यांनी रीडिंग विचारलं. १.७२८. कृत्रिम स्पिनेल, आतल्या ताणामुळे उजळलेलं. सर हसले नाहीत, फक्त म्हणाले, "फिल्टर लावला होतास, हे बरं केलंस."