शिल्लक मोजली, खातं पाहिलंच नाही: वन्यप्राण्यांची संख्या अभ्यासताना या चुका टाळा

वैशाखातली बुद्धपौर्णिमा जवळ आली की जंगलातल्या मोजणीसाठी मचाणांवर जागा मिळवायला झुंबड उडते. मीही बरीच वर्षं जातो. रात्रभर पाणवठ्याकडे डोळे लावून बसायचं आणि चांदण्यात आलेली रानडुकरं, सांबरं, गवे, नशिबात असेल तर अस्वल किंवा बिबट्या, सगळं तक्त्यात लिहायचं. दोन-चार दिवसांनी बातमी येते की प्राणी वाढले. एका वर्षी मोजणीच्या आदल्याच दिवशी वळवाचा पाऊस धो धो कोसळला. डबकी भरली, ओढे वाहायला लागले. आमच्या पाणवठ्यावर रात्रभरात एक मुंगूस आणि चार डुकरं आली. तो तक्ता खरा मानला असता तर वर्षभरात जंगल ओस पडलं असं म्हणावं लागलं असतं.

मचाणावरची रात्र सोडू नका, तिच्यासारखं सुख नाही. पण तिला गणना म्हणू नका. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर दोनदा लिहिलं जातं आणि ओल्या पानांवर भागवणारं एकदाही लिहिलं जात नाही.

लोकसंख्याशास्त्र, म्हणजे डेमोग्राफी, प्राण्यांना लावायची तर हिशेबाला चार खाती लागतात: जन्मले किती, मेले किती, बाहेरून आले किती, निघून गेले किती. एकूण आकडा ही नुसती शिल्लक. शिल्लक बघून दुकान नफ्यात आहे की भांडवल खातंय, हे कळत नाही. तरीही आपण बहुतेक जण शिल्लकच विचारतो. खालच्या जवळपास सगळ्या चुका तिथूनच निघतात.

दिसले तेवढेच आहेत असं धरणं

राजस्थानातल्या सरिस्कामध्ये 2004 सालीही कागदोपत्री डझनाहून जास्त वाघ होते. 2005 च्या सुरुवातीला स्पष्ट झालं की तिथे एकही वाघ उरलेला नाही. तेव्हा देशभर मोजणी चालायची ती पावलांच्या ठशांवरून. काचेवर ठसा उतरवून घ्यायचा आणि जाणकारानं सांगायचं की हा अमुक वाघ. जमीन ओली की कोरडी, वाळू की चिखल, वाघ चालत होता की धावत, यावर एकाच पंजाचा ठसा बदलतो. शिवाय या पद्धतीत एक मोठी खोट होती. किती वाघ आपल्या नजरेतून सुटले, हे ती कधी विचारतच नव्हती.

तो प्रश्न विचारायची युक्ती जुनी आणि सोपी आहे. समजा, तुमच्या भागात पहिल्या फेरीत जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांनी 12 बिबटे टिपले. दुसऱ्या फेरीत 15 टिपले आणि त्यातले 9 पहिल्या फेरीतले होते. म्हणजे दुसऱ्या फेरीतल्या दर 15 मध्ये 9 ओळखीचे. मग पहिले 12 हेही एकूण संख्येच्या 15 मध्ये 9 या प्रमाणातच असणार. 12 गुणिले 15 भागिले 9, उत्तर 20. तुम्ही प्रत्यक्ष पाहिले 18, म्हणजे दोघे अंदाजे सुटलेत. आजच्या संगणकी पद्धती याहून खूप पुढे गेल्यात, पण त्यांच्या पोटात हाच विचार आहे.

आता गोची पाहा. बिबट्याचे ठिपके आणि वाघाचे पट्टे डाव्या-उजव्या अंगावर सारखे नसतात. एका फेरीत डावी बाजू मिळाली, दुसरीत उजवी, की तोच प्राणी तुमच्या यादीत नवा म्हणून चढतो. वरच्या उदाहरणात असे तीन ओळखायचे राहिले तर 9 च्या जागी 6 येतात आणि उत्तर थेट 30 होतं. एकही पिल्लू जन्मलं नाही, तरी दहा बिबटे वाढले! म्हणून कॅमेरे समोरासमोर जोडीनं लावतात. संख्या अचानक फुगली तर आनंदाचे पेढे वाटण्याआधी एका कामाला लागा. फक्त एकदाच आणि एकाच बाजूनं दिसलेले किती प्राणी यादीत आहेत ते मोजा, आणि दुसऱ्या माणसाकडून ते फोटो पुन्हा जुळवून घ्या. ज्यानं पहिल्यांदा जुळवले त्याच्याकडे परत देऊ नका, तो आपलीच चूक पुन्हा करतो. अनुभवानं सांगतोय.

मोजपट्टी बदलली, तरी तुलना करणं

देशात 2006 साली 1411 वाघ आणि 2010 साली 1706, हे आकडे अनेकांना पाठ आहेत. वाढ 295 ची. पण 2006 च्या आकड्यात सुंदरबन धरलेलंच नव्हतं, 2010 मध्ये धरलं आणि तिथले 70 वाघ बेरजेत आले. ते वाघ चार वर्षांत जन्मले नव्हते, आपण तिथे पोचलो इतकंच. महाराष्ट्राचा 2006 मधला 103 चा आकडा 2022 मध्ये 444 झाला. ही वाढ खरी आहे याबद्दल मला शंका नाही. तरी त्या सोळा वर्षांत कॅमेऱ्यांची संख्या आणि धुंडाळलेलं क्षेत्रही वाढत गेलं, त्यामुळे सरळ वजाबाकी करून दरवर्षीचा वाढीचा दर काढणं मला धाडसाचं वाटतं. तुलना करायचीच असेल तर दोन्ही वेळा समान असलेलं क्षेत्र वेगळं काढा आणि दर शंभर चौरस किलोमीटरमागे किती प्राणी, ते पाहा.

दिसेनासा झाला म्हणजे मेला

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ 2019 मध्ये रेडिओ कॉलर (ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा) लावलेल्या अवस्थेत निघाला. शेतं, रस्ते, तेलंगणाची हद्द ओलांडत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण चाल सुमारे 3000 किलोमीटर. लोक त्याला ‘वॉकर’ म्हणू लागले. कॉलर नसती आणि हिशेब फक्त टिपेश्वरच्या कॅमेऱ्यांवर चालला असता, तर तो दोन हंगामांत मृतांच्या रकान्यात गेला असता. ज्ञानगंगेच्या वहीत मात्र कुठूनसा एक वाघ उगवला असता.

दोन वर्षांच्या आसपासचे नर आईचा मुलूख सोडतातच. म्हणून कॅमेऱ्यांवरून काढलेल्या तगण्याच्या, म्हणजे वर्षभरात जिवंत राहण्याच्या, प्रमाणात मरण आणि स्थलांतर दोन्ही मिसळलेली असतात. ते ‘दिसतं तेवढं’ तगणं. शेजारच्या जंगलांचे फोटो एकत्र जुळवल्याशिवाय हा गुंता सुटत नाही, आणि दोन कार्यालयांनी फोटो एकमेकांना द्यायचे म्हणजे काय, हे ज्यांनी करून पाहिलंय त्यांना सांगायला नको.

याच्या उलटी चूकही होते: एक वाघ मेला की हाहाकार. कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ आणि सहकाऱ्यांनी 1991 ते 2000 या काळात कॅमेऱ्यांनी 74 वेगवेगळे वाघ टिपले. त्यांच्या हिशेबानुसार तिथल्या वाघांचं वर्षाला तगण्याचं प्रमाण होतं 0.77, म्हणजे दर चार-पाच वाघांमागे एक दरसाल नाहीसा होत होता. तरीही संख्या सरासरी 3 टक्क्यांनी वाढत होती, कारण भक्ष्य भरपूर होतं आणि नवे वाघ भरती होत होते. मृत्यू मोजा जरूर, पण कोण मेलं ते लिहा. भटकता तरुण नर मरणं आणि बछडे वाढवणारी मादी मरणं, या दोन्हींना एकाच ‘1’ मध्ये कोंबणं हा हिशेबाचा सगळ्यात आळशी प्रकार.

पिल्लं वाचवली की झालं, असं समजणं

हा समज सगळ्यात गोड, त्यामुळे सगळ्यात चिवट. अमेरिकेत लॉगरहेड समुद्री कासवांसाठी वर्षानुवर्षं किनाऱ्यावरची घरटी जपली जात होती. 1987 मध्ये डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल यांनी कासवाच्या आयुष्याचे अंड्यापासून प्रौढापर्यंत सात टप्पे पाडले. प्रत्येक टप्प्यात किती तगतात, किती पुढच्या टप्प्यात जातात आणि किती अंडी घालतात, याचं कोष्टक मांडलं. कोष्टकानुसार ती संख्या दरसाल सुमारे 5 टक्क्यांनी घटत होती. मग त्यांनी एकेक आकडा हलवून पाहिला. अंडी आणि नवजात पिल्लं शंभर टक्के वाचली असं धरलं, तरी घसरण थांबेना. समुद्रातल्या मोठ्या, पण अजून वयात न आलेल्या कासवांचं तगणं थोडं वाढवलं, तर मात्र चित्र पालटलं. त्या कासवांचा काळ होता कोळंबी पकडणाऱ्या बोटींची ओढजाळी, म्हणजे ट्रॉल. जाळ्यातून कासवाला निसटायला झडप ठेवायची सक्ती तिथे झाली, त्यामागच्या वादात या कोष्टकाचा मोठा आधार मिळाला.

मग वेळासला, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपणारी कोकणातली मंडळी चुकतायत का? अजिबात नाही. इथे बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात. जिथे पूर्वी जवळपास प्रत्येक घरटं माणूस, कुत्रा किंवा कोल्हा उकरत होता, तिथे अंडी वाचवणं हीच पहिली पायरी. शून्याजवळून वर आणलेला आकडा मोठा फरक करतोच. शिवाय लॉगरहेडचे दर रिडलेला जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. कोष्टकात वीस-बावीस वर्षांनी वयात येणारं ते कासव, तर रिडले त्याहून बरंच लवकर वयात येतं. दुसऱ्या प्रजातीचे आकडे उसने आणून कोष्टक भरणं, ही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत मला सतत दिसणारी चूक आहे. उसने घ्यावे लागतातच, पण मग उत्तर त्या आकड्यावर किती हलतं ते करून दाखवा. आणि पिल्लं समुद्रात सोडल्याच्या आकड्याशेजारी, किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या प्रौढ कासवांचा आकडाही दरसाल लिहा.

गिधाडांनी हाच धडा जास्त क्रूरपणे दिला. मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही पाचेक वर्षांची झाल्यावर. अशा पक्ष्याची सगळी भिस्त प्रौढांच्या दीर्घायुष्यावर. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मढ्यांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि प्रौढच मरू लागले. नव्वदच्या दशकातल्या कोसळण्याचा वेग समजावायला दर 130 ते 760 मढ्यांमागे एकच विषारी मढं पुरतं, असं 2004 च्या हिशेबात निघालं. ‘आमच्या भागात औषध फारसं वापरत नाहीत’ या वाक्याला अशा प्राण्याच्या बाबतीत काही अर्थ नसतो.

सरासरीचा चकवा

छोटी चूक, पण परीक्षक इथेच पकडतात. 100 काळवीट पहिल्या वर्षी दीडपट झाले, दुसऱ्या वर्षी निम्मे. दीड आणि अर्धा यांची सरासरी 1, म्हणजे संख्या स्थिर? मोजून पाहा: 150, मग 75. वाढीचे दर गुणायचे असतात, बेरीज करून भागायचे नसतात.

शून्य आणि रिकामी जागा

शेवटचा दोष इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटतो. अस्वलानं कॅमेरा ओरबाडला, वानरानं तोंड आभाळाकडे फिरवलं, कार्ड भरलं, कुणी पळवला. त्या रात्री तक्त्यात 0 लिहिलं जातं. पण 0 म्हणजे कॅमेरा चालू होता आणि प्राणी आला नाही. बंद असेल तर जागा रिकामी ठेवा आणि कारण लिहा. आकडेवारी विचित्र वागत असेल, एखाद्या महिन्यात प्राणी गडप होत असतील, तर पहिल्यांदा हेच उघडून बघा. मी नेहमी इथूनच सुरुवात करतो, आणि बऱ्याचदा पुढे जावंच लागत नाही.

माझ्या जुन्या वहीत त्या मुंगसाच्या आणि चार डुकरांच्या ओळीवर, नंतर वेगळ्या शाईनं लिहिलेलं आहे: ‘आदल्या दिवशी पाऊस, पाणी सगळीकडे.’