दुनळी रायफल महाग का, हे हातात घेऊन कसं ओळखायचं

बत्तीस वर्षं मी टूलरूममध्ये फिटर होतो. निवृत्तीनंतर मुलीकडे बर्मिंगहॅमला गेलो, तेव्हा लिलावाआधी मांडलेली एक जुनी दुनळी रायफल हाताळायला मिळाली. .470 नायट्रो एक्स्प्रेस या मोठ्या काडतुसाची. एवढी महाग का, असं सगळे विचारतात. कशी पाहायची ते सांगतो, कारण त्यातच सापडेल.

रिकामी आहे ना, ते आधी उघडून डोळ्यांनी बघा. मग मालकाला विचारून नळ्या उतरवा. मागचा आकडा दोरीला अडकवून जोडी लोंबती धरा आणि वाकवलेल्या बोटानं हलकेच ठोका. घंटेसारखा नाद लांबला तर झाळ, म्हणजे नळ्या जोडणारा वितळवलेल्या धातूचा डाग, शाबूत. बद्द, थरथरता आवाज आला तर मधली पट्टी कुठेतरी सुटलेली असते. अशी रायफल मी खाली ठेवीन.

खरा खर्च त्या झाळीतच आहे. उजवी नळी मध्यापासून बाजूला असते, त्यामुळे गोळी बाहेर पडायच्या आतच धक्क्यानं बंदूक उजवीकडे आणि वर वळते. डावी झाडली तर डावीकडे आणि वर. म्हणून नळ्या समांतर न ठेवता तोंडाशी किंचित जवळ आणतात. किती जवळ, ते झाडूनच कळतं. कारागीर उजवी-डावी गोळी झाडतो, कागदावरची भोकं बघतो, झाळ तापवून तोंडाजवळची पाचर केसभर सरकवतो, निवल्यावर पुन्हा झाडतो. दोन्ही नळ्यांची भोकं एका जागी येईपर्यंत हेच चालतं.

ही जुळणी एकाच काडतुसापुरती असते. म्हणून जुन्या इंग्रजी रायफलींच्या नळ्यांखाली प्रमाण कोरलेलं सापडतं; .470 साठी 75 ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) कॉर्डाईट, म्हणजे काडतुसातली दारू, आणि 500 ग्रेनची गोळी. ते वाचल्याशिवाय सौदा करू नका. (हे माप निघालं तेच हिंदुस्थानामुळे. ब्रिटिश सरकारनं इथं .450 ची काडतुसं बंद केली, मग कारखान्यांनी थोडी मोठी मापं काढली.)

आता सांधा. रायफल बंद करून उजेडासमोर धरा. नळ्यांचं बूड आणि मागची भिंत यांच्यात फट दिसता कामा नये. आम्ही टूलरूममध्ये निळा रंग लावून, तो कुठे उठतो ते बघत सुटे भाग बसवायचो, हे कारागीर दिव्याची काजळी लावतात. नळ्या बसवायच्या, काढायच्या, जिथं काळं उठलं तेवढंच कानशीनं उतरवायचं, पुन्हा काजळी. तो सांधा बघताना माझे हात शिवशिवले.

अव्वल इंग्रजी कारखान्याची नवी रायफल लाख पौंडांच्या वर जाते. जर्मनीच्या क्रीगहोफनं झाळ न तापवता सरकवता येणारी पाचर तोंडाशी बसवली. त्या रायफलीची किंमत बरीच कमी असते.