एकच फोटो, आजीला काय दिसलं आणि पोराला काय: घरी करून बघा

नजरेला वळण आपल्या राहणीतनं लागतं, आणि हे बघायला लॅबच पाहिजे असं काय नाही, सांगलीतल्या कुठल्याही घरात जमतं.

मोबाईलमधला एक गजबजलेला फोटो निवडा, आठवडी बाजारातला घ्या, पुढं एक ठळक माणूस आणि मागं दुकानं, गाड्या, पाट्या सगळं आलं पाहिजे. एकेकाला वेगळं बसवून पाच सेकंद दाखवा, मोबाईल पालथा घाला आणि एवढंच विचारा, "काय दिसलं?" "कोण दिसलं" असं अजिबात विचारू नका, मग समोरचा माणसाबद्दलच बोलत बसतो. पहिलं वाक्य येईल ते जसंच्या तसं लिहून घ्या, सगळी गंमत त्यातच असते. २००१ साली मासुदा आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांनी पाण्यातल्या माशांची अ‍ॅनिमेशन दाखवून असंच विचारलेलं, तर अमेरिकन विद्यार्थी बहुतेक मोठ्या माशापासून सुरू व्हायचे आणि जपानी विद्यार्थी आधी तळं, पाणी असं आजूबाजूचं सांगायचे.

दुसरं कागदावर करायचं. ९ सेंमीचा चौकोन काढून वरच्या कडेच्या मधोमधनं खाली ३ सेंमीची उभी रेघ ओढा, दाखवून झाकून ठेवा. आता ६ सेंमीचा रिकामा चौकोन द्या आणि एकदा सांगा "तेवढ्याच लांबीची काढ", एकदा सांगा "चौकोनाच्या मानानं काढ". पहिल्याचं बरोबर उत्तर ३ सेंमी, दुसऱ्याचं २. पट्टी लावा आणि कुठं जास्त चुकतंय ते मांडा. २००३ च्या कितायामा या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात अमेरिकन लोक पहिल्यात सरस होते, जपानी दुसऱ्यात, म्हणजे आजूबाजूचा चौकोन धरून बघण्यात.

आपण आशियातले म्हणजे जपान्यांसारखेच असणार असं मात्र धरून चालू नका, कारण एका देशातसुद्धा फरक पडतो, तुर्कस्तानात काळ्या समुद्राकडच्या गावांत २००८ च्या अभ्यासात शेतकरी आणि कोळी आजूबाजूचं धरून बघणारे निघाले, मेंढपाळ तेवढे नाहीत. मला तर हे आपल्याकडंच करून बघायला पाहिजे असं फार वाटतं, तासगावचे द्राक्षवाले मामा आहेत, आटपाडी-जतकडं मेंढरं राखणारे पाहुणे आहेत, दोघांनाही बसवा. पण दोन माणसांवरनं निकाल लावू नका, वय आणि चष्म्यानंही फरक पडतो, दोन्हीकडनं निदान दहा-दहा जण घ्या, कशासाठी चाललंय ते शेवटपर्यंत सांगू नका, आणि फोटो सगळ्यांना तोच.