होल्डमधल्या मेलची राखण

ओपन सोर्समध्ये शिरायचं तर कोड लिहिता आला पाहिजे, असं मी बीसीए करताना धरून चाललो होतो. माझ्या वाट्याला पहिलं काम आलं ते मेलिंग लिस्टच्या राखणीचं; म्हणजे एका पत्त्यावर लिहिलेली मेल सगळ्या सदस्यांना जाते त्या यादीच्या. प्रकल्प छोटा, सदस्य तीनशेच्या आसपास आणि आधीचा मॉडरेटर कंटाळलेला. त्यानं पासवर्ड पाठवला, सोबत एकच ओळ: रोज पाच मिनिटं लागतात. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात नेट धड चालतं ते पहाटे. आई विचारायची, "काहून रे, इतक्या सकाळी कोनाचं पत्र आलं?"

लिस्ट मेलमनवर होती, म्हणजे अशा याद्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. सदस्य नसलेल्याची मेल थेट सगळ्यांकडे जात नाही, होल्डमध्ये अडकते. मग ती स्वीकारायची, नाकारायची, टाकून द्यायची किंवा तशीच ठेवायची. नवखा हमखास 'नाकारा' दाबतो, मीही दाबत होतो. नाकारलं की पाठवणाऱ्याला तसं उत्तर जातं, आणि स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेकदा तिसऱ्याच कुणाचा चोरलेला असतो. म्हणजे कचरा आपणच त्याच्या दारात नेऊन टाकतो, वर आपल्या सर्व्हरचं नाव खराब. उघड स्पॅम गुपचूप टाकून द्यावा.

दुसरी चूक अजून सलते. कापूस वेचणीचे दिवस होते, चार दिवस मी अडकलेल्या मेलची रांग उघडलीच नाही. उघडली तेव्हा साठेक मेल. त्या पानावर उरलेलं सगळं एका खुणेत टाकून देण्याची सोय असते, ती मी वापरली. त्यात एका नव्या सदस्याची पहिलीच मेल गेली. स्पॅम नव्हतीच ती. त्यानं लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रामनं ठेवलेली नोंद, जोडली होती आणि मेलमनची आकाराची मूळ मर्यादा ४० केबी, म्हणून अडकलेली. इथं कुणी उत्तर देत नाही, असं त्यानं तीन आठवड्यांनी दुसऱ्या एकाला कळवलं, तेव्हा मला पत्ता लागला. तेव्हापासून मेल का अडकली ते कारण आधी वाचतो, मजकूर नंतर.

आमच्याकडे कापूस खरेदीला यंत्रानं ओलावा बघतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर कपात, १२ च्या पुढं गाडी परत. दहिवरात वेचलेला चांगला कापूसही आकडा वाढवून दाखवतो. स्पॅम ओळखायला मेलला गुण देणाऱ्या स्पॅमअसॅसिन या प्रोग्रामचा आकडा तसाच. मुळात ५ गुणांना तो मेलला स्पॅम म्हणतो. पण नुसती लिंक टाकून घाईत लिहिणारा नवखाही तिथवर पोचतो. म्हणून मी ५ ते १० हातानं तपासतो, १० च्या वरचं आपोआप टाकतो.

सदस्यत्वाचं सोपं आहे असं वाटलं होतं. पण बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, कुणाचाही पत्ता शेकडो लिस्टच्या फॉर्ममध्ये भरतात आणि त्या माणसाचा इनबॉक्स बुजवतात. त्यामुळे खात्री करून घेणारी मेल आणि फॉर्मवर कॅप्चा, दोन्ही चालू ठेवा. पत्त्यात अधिकचं चिन्ह घालून एकच नाव दहादा आलं तर समजा, तेच चाललंय.

खरा घोळ झाला तो चालू पत्त्यांचा. एका महिन्यात जीमेलवाल्या बऱ्याच सदस्यांची मेल बंद पडली. मेलमन परत आलेल्या मेल मोजतो, दिवसाला फार तर एक गुण, आणि ५ झाले की त्या सदस्याची डिलिव्हरी थांबवतो. दोष त्यांचा नव्हता. आपल्या नावानं आलेल्या खोट्या मेलचं काय करायचं ते मेल कंपनी डीमार्कमध्ये जाहीर करते; याहूनं एप्रिल २०१४ मध्ये ते धोरण कडक केलं: याहूचा पत्ता लावून दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेली मेल, डीकेआयएम सहीही (पाठवणाऱ्या सर्व्हरनं मेलवर केलेली डिजिटल सही) जुळत नसेल तर, घेऊच नका. लिस्ट मेलच्या विषयात कंसात आपलं नाव आणि खाली तळटीप जोडते, तिथं सही मोडते. मग याहूवाला लिहितो, जीमेल ती मेल परत पाठवतं आणि गुण जीमेलवाल्यांच्या नावावर चढतात. मेलमन २.१.१८ पासून अशा मेलच्या 'फ्रॉम'मध्ये लिस्टचा पत्ता घालता येतो. ते चालू केलं, बंद पडलेल्यांना हातानं सुरू केलं, दोन रात्री गेल्या.

नागपूरला नोकरीच्या मुलाखतीत मला एका मेलचे हेडर, म्हणजे ती कुठून कशी आली त्या वरच्या ओळी, देऊन ती कुठं अडली ते सांगायला लावलं. पदवीचं त्यांनी काही विचारलं नाही.

आणि दुसरा मॉडरेटर पहिल्याच महिन्यात शोधा. माझ्याकडून लॉग फाइल फेकली गेली तोच मुलगा आता वेचणीच्या दिवसांत रांग बघतो. मर्यादा त्यानंच वाढवून २०० केबी केली.