पाणी तर पहाटे येतं ना?

आमची अठरा मिनिटांची डिप्लोमा फिल्म संपली, टाळ्या पडल्या आणि आम्ही चौघं पडद्यासमोर जाऊन उभे राहिलो. पहिला प्रश्न तिसऱ्या रांगेतल्या एका आजींचा. "अगं बाळा, चाळीत पाणी तर पहाटे येतं ना? तुझ्या पिक्चरमधली बाई हंडा भरतेय आणि खिडकीत लख्ख ऊन. ते कसं काय?"

मी माईक घेतला आणि तीन मिनिटं बोलले. उजेड म्हणजे तिच्या मनातली आशा, घड्याळाची वेळ वेगळी आणि मनातली वेगळी, असलं काहीबाही. आजी मान हलवत होत्या, पण लग्नात मंत्र न कळता हलवतो तशी. शेवटी आमच्या कॅमेरावाल्याने माईक ओढून घेतला. "आजी, शूट पहाटेचंच ठरलं होतं. लाईटचा टेम्पो परळला अडकला, पोचेपर्यंत साडेसात वाजले. आणि खोली बारापर्यंतच मिळाली होती." हॉल हसला. त्यानंतर लोक खऱ्या अर्थाने बोलू लागले.

यंदा पास होणाऱ्यांपैकी कोणी आपली फिल्म मुंबईत दाखवणार असेल, तर हे तीन मिनिटांचं भाषण टाळावं म्हणूनच मी हे लिहितेय. फिल्मचा अर्थ काय, याची उत्तरं मी रात्रभर पाठ केली होती. तो प्रश्न कोणीच विचारला नाही. विचारलं ते असं: ती खोली कुठली, बाई नटी आहे की खरंच तिथे राहणारी, शेवटी ती दार लावते की उघडते? याची उत्तरं दोन वाक्यांत देता येतात, तेवढीच द्यावीत. दाराच्या प्रश्नाला मी उलट विचारलं, "तुम्हाला काय दिसलं?" निम्म्या हॉलला लावलेलं दिसलं होतं, निम्म्याला उघडलेलं. आम्हाला ते उघडलेलंच दाखवायचं होतं. एडिट टेबलवर दोनशे वेळा पाहून हे आम्हाला कळलं नव्हतं.

प्रश्नोत्तरांच्या आधीची एक गोष्ट, कारण आवाज कळला नाही तर पुढे चर्चा कसली? आमचा आवाजाचा मिक्स हेडफोनवर झालेला, स्टिरिओ, म्हणजे फक्त डावा आणि उजवा. थिएटरमध्ये संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून यायचे असतात. आमच्याकडे त्या चॅनेलवर काहीच नव्हतं. डाव्या कडेला बसलेल्यांना बाईचा आवाज भिंतीतून आल्यासारखा वाटला. त्यात शूट सेकंदाला 25 फ्रेमवर. थिएटरची डीसीपी, म्हणजे तिथे चालणारी डिजिटल प्रत, साधारणपणे 24 ची, म्हणून बनवणाऱ्याने फिल्म तशीच हळू केली. अठरा मिनिटांना पाऊण मिनिट वाढलं आणि सगळ्यांचे आवाज किंचित जाडे झाले. शूटच 24 वर करा. आदल्या दिवशी प्रोजेक्शनवाल्या काकांना गाठून पाच मिनिटं तरी चालवून बघा, आणि बघताना मधे बसू नका, कडेच्या खुर्चीत बसा.

कॉलेजातला खेळ घरचाच असतो. बाहेर जाहीर खेळ लावायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, महोत्सवांना मात्र केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून त्यातून सूट मिळते. आयोजकांनी ती घेतलीय का, एवढं विचारून ठेवा. आणि प्रेक्षक नुसते मित्र नकोत. मित्र 'भारी झालीय' म्हणतात आणि वडापाव खायला निघून जातात. दादासाहेब फाळक्यांनीही 'राजा हरिश्चंद्र' 21 एप्रिल 1913 ला ग्रँट रोडच्या ऑलिंपियात आधी निमंत्रितांना दाखवला, गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये तो 3 मेला लागला. आमच्या निमंत्रितांत आजी आल्या त्या कोणाच्या तरी शेजारी म्हणून, हे आमचं नशीब. प्रेक्षक कसे बोलतात हे आधी ऐकायचं असेल तर प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायटीचे खेळ आणि नंतरच्या चर्चा गाठा. ही मंडळी 1968 पासून मुंबईत सिनेमे दाखवतायत.

आणखी एक करा: टीममधल्या एकाला स्टेजवर न बोलावता खाली वही घेऊन बसवा. वर उभं असताना आपल्याला फक्त आपलाच आवाज ऐकू येतो. आमचा साऊंडवाला लाजाळू, तो खालीच थांबला, म्हणून आजींचं पुढचं बोलणं वहीत आलं. त्या म्हणाल्या, "पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो. नळीतली हवा बाहेर पडते ना. त्या आवाजाने आमचा अख्खा मजला उठायचा, गजर कोण लावतंय!"

फिल्मभर नळ होता आणि हा आवाज आमच्याकडे नव्हता.

पुढच्या आठवड्यात साऊंडवाला रेकॉर्डर घेऊन पहाटे साडेचारला आजींच्या चाळीत जाऊन बसला. खिडकीचा शॉट आम्ही उडवला. आता महोत्सवांना पाठवतो त्या प्रतीत सुरुवातीला पडदा काळाच असतो, नळ फुसफुसतो, आणि मग कोणाचं तरी दार वाजतं.